वाड्याच्या पायात कोण पुरलंय?

नववीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि बक्षीस म्हणून रणजित देसाईंची 'स्वामी' मिळाली. शाळेची पुस्तकं सोडली तर आमच्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. घरात अण्णाभाऊंचा फोटो होता, पण अण्णाभाऊंचं पुस्तक नव्हतं.

संध्याकाळी आजी शिंदीचे फडे बांधायला बसायची आणि मी तिला 'स्वामी' वाचून दाखवायचे. माधवराव पेशवा थेऊरला शेवटच्या घटका मोजतोय, रमाबाई सती जायला निघालीय, हे वाचताना मला रडू आवरेना. आजीचे हात चालूच होते. माझं वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "येवढा मोठा वाडा. रोज झाडत असत्याल. मग फडं कोण देत हुतं?" मी म्हणाले, ते पुस्तकात नाही. "आपली माणसं कुठं हुती तवा?" मी वैतागले. म्हटलं, आजी, ही पेशव्यांची गोष्ट आहे. ती म्हणाली, "आमी बी तवा हुतोच की."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेला, मी आज अठ्ठावीसची आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करतेय. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांत घरातले पहिले शिकलेले वाचक काय वाचतात, हा माझा विषय. त्यासाठी 'क' आणि 'ड' वर्गातल्या ग्रंथालयांत बसून देवघेवीच्या वह्या चाळते. जिथं जिथं गेले, तिथं पाठ उसवलेली, पुन्हा बांधलेली, कोपरे मऊ झालेली पुस्तकं तीच सापडली. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत', 'राऊ'. आणि वहीत ती नेणाऱ्यांची नावं वाचली की कळतं, यात आपलीही पोरं-पोरी भरपूर आहेत. म्हणून हा लेख वाड्यातल्या वाचकांसाठी नाही. तो माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांनी या कादंबऱ्या जीव लावून वाचल्या आणि ज्यांना त्या कादंबऱ्यांनी कधी ओळखही दाखवली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरी हा निव्वळ मनोरंजनाचा प्रकार नाही. कुणाच्या दुःखाला दुःख म्हणायचं आणि कुणाचं दुःख मोजायचंच नाही, हे ती शिकवते. आणि ती हे इतक्या गोड भाषेत शिकवते की शिकवलं गेलंय हे आपल्याला वीस वर्षं कळत नाही.

आधी थोडा इतिहास. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतात, साल १८७१. पुढे हरि नारायण आपट्यांनी 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' अशा कादंबऱ्यांनी हा प्रकार घरोघरी नेला. पण आज आपण ज्याला ऐतिहासिक कादंबरी म्हणतो तिचा खरा भर १९६०नंतरचा. 'स्वामी' १९६२ची, तिला १९६४ला साहित्य अकादमी पुरस्कार. ना. सं. इनामदारांची 'झेप' १९६३ची, 'राऊ' १९७२ची. 'मृत्युंजय' १९६७ची, 'छावा' १९७९ची, विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ची.

आता याच्या शेजारी दुसरी सनावळी ठेवा. बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं १९४६ला, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय १९५०ला. धर्मांतर १९५६ला. पहिलं दलित साहित्य संमेलन १९५८ला, अण्णाभाऊ साठ्यांनी उद्घाटन केलेलं. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ची. म्हणजे ज्या वर्षांत आपल्या घरातली पहिली पोरं कॉलेजच्या पायऱ्या चढत होती, त्याच वर्षांत मराठी मध्यमवर्ग वाड्याच्या पायऱ्या चढून मागे चालला होता. नवं राज्य झालं होतं, कूळकायदा आला होता, मतपेटीनं जुनी पत ढिली केली होती. दिवाणखाना प्रत्यक्षात हातचा सुटत होता तेव्हा तो कादंबरीत झाडून-पुसून मांडला गेला. हा योगायोग आहे असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. मला तो योगायोग वाटत नाही.

'स्वामी'कडे परत येते. ती वाईट कादंबरी नाही. वाईट असती तर मी रडलेच नसते. तिची ताकदच मला खटकते. एक तरुण राज्यकर्ता, त्याचा क्षय, घरातली फितुरी, चुलत्याची महत्त्वाकांक्षा, नवरा-बायकोचं हळुवार प्रेम. आणि या सगळ्याचा कळस काय, तर एका तरुण बाईचं जिवंत जळणं. कादंबरी त्या जळण्याला पूजेच्या सुरात मांडते. चौदा वर्षांच्या मुलीला ते इतकं सुंदर वाटलं की आपणही असंच प्रेम करावं असं तिच्या मनात आलं. मी हे लाजून लिहितेय, पण लिहितेय. सतीच्या प्रथेविरुद्ध कायदा १८२९चा. १९६२मध्ये, संविधान लागू होऊन बारा वर्षं झाल्यावर, मराठीतल्या एका लाडक्या कादंबरीचा शेवट चितेवर होतो आणि त्याबद्दल कुणाला फारसं अस्वस्थ वाटत नाही, हे आपण कधीतरी मोठ्यानं बोलायला हवं.

आता त्या वाड्यात आणखी कोण होतं ते बघा. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे कुणबी जातीची बाई नव्हे. कुणबीण म्हणजे गुलाम बाई. तिची किंमत ठरायची, ती बक्षीस म्हणून दिली जायची, सरकारी कोठ्यांत, पागेत, कारखान्यात राबायची. 'बदकर्म' केल्याचा ठपका ठेवून सरकार बायकांना या गुलामीत ढकलायचं, हेही अभ्यासकांनी दफ्तरातूनच दाखवलंय. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकानं अठराव्या शतकातलं मराठी राज्य जातीचे नियम कसं राबवायचं यावर लिहिलं. उमा चक्रवर्तींनी पेशवाईतल्या ब्राह्मणी पितृसत्तेवर लिहिलं. म्हणजे रमाबाईच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक बाई होती जिची किंमत वहीत लिहिलेली होती. कादंबरीत आलीच तर ती पाणी आणून देते आणि जाते. तिला नाव नाही, आणि क्षयानं तिचं कुणी मेलं तर त्यासाठी प्रकरण नाही.

इथं नेहमीचं उत्तर येतं. "अहो, लेखकानं पुरावे पाहून लिहिलंय. तुमच्या लोकांचे पुरावेच नाहीत, मग तो काय करणार?"

या उत्तरावर मी बरीच वर्षं गप्प बसायचे. आता बसत नाही. पहिली गोष्ट, पुरावे आहेत, वर सांगितलेच. दुसरी गोष्ट, पेशवा रात्री शेजघरात बायकोशी काय बोलला याचा कुठला पुरावा होता? संभाजीराजांच्या मनात एकांतात काय आलं, याचं कागदपत्र कुठल्या बासनात आहे? ते सगळं लेखकानं कल्पिलं, आणि कल्पिलं म्हणूनच ती बखर न होता कादंबरी झाली. मग शेजघरापर्यंत बेधडक जाणारी ही कल्पनाशक्ती वेशीपाशी येऊन का थांबते? राजवाड्यासाठी प्रतिभा आणि महारवाड्यासाठी पुराव्याची अट, हा कुठला न्याय? ज्याला माणूस मानलं त्याचंच मन कल्पिता येतं. अडचण पुराव्याची नाही, मानण्याची आहे.

आणि एक पुरावा तर असा आहे की तो वाचल्यानंतर कुठलाही वाडा पूर्वीसारखा दिसत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वय साधारण चौदा. विषय मांग-महारांचं दुःख. पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यावरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू कसा होत असे, ते ती लिहिते. मोठमोठ्या इमारती बांधताना आपल्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पायात पुरत, असंही ती लिहिते. चौदाच काय, चाळीस वर्षांच्या माणसालाही जे लिहिताना हात थरथरावा, ते ती ठणठणीत लिहिते आणि वर धर्मालाच जाब विचारते.

कुणी म्हणेल, ती ऐकीव हकीकत होती. असेल. तिच्या आजी-आजोबांनी पाहिलेली-ऐकलेली हकीकत होती. पण मग बखरी तरी काय आहेत? बखरीतल्या ऐकीव हकीकतींवर पाचशे पानी कादंबऱ्या उभ्या राहिल्या. मुक्ताच्या लिहिलेल्या, छापलेल्या, तारखेसह हाती असलेल्या हकीकतीवर त्या कादंबरीकारांपैकी कुणाला अर्धं पान का सुचलं नाही? माझ्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला एम.ए.ला असताना या निबंधात मिळालं. आपली माणसं कुठं होती? काही वेशीबाहेर होती, काही कोठीत राबत होती, आणि मुक्ताचं ऐकलं तर काही त्या वाड्याच्या पायात होती. दिवाणखान्याचं वर्णन पानंच्या पानं चालतं, पण पाया कुणी उकरत नाही.

आता 'मृत्युंजय'. ही कादंबरी ऐतिहासिक नाही, पुराणातली आहे, पण देवघेवीच्या वहीत ती त्याच रांगेत असते आणि आपल्या मुलांना ती जास्तच जवळची वाटते. कारण उघड आहे. कर्णाला भरसभेत कूळ विचारलं जातं, सूतपुत्र म्हणून हिणवलं जातं. हॉस्टेलच्या पहिल्या रात्री आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा बदललेला चेहरा ज्यानं पाहिलाय, त्याला हा प्रसंग वाचताना आपलंच कुणी तरी लिहिलंय असं वाटतं. मलाही वाटलं.

पण नीट बघा, ती गोष्ट आपल्याला काय सांगते? कर्णाचा अपमान चूक का? तर तो मुळात सूतपुत्र नाहीच म्हणून. तो कुंतीचा मुलगा आहे, सूर्याचा अंश आहे, जन्मताच कवचकुंडलं घेऊन आलाय. म्हणजे अन्याय झाला तो ओळखण्यातल्या चुकीमुळे. राजपुत्राला चुकून सारथ्याच्या रांगेत बसवलं, एवढंच दुःख. मग खरोखरच सारथ्याच्या पोटी जन्मलेल्या शूर पोराचं काय? त्याला कूळ विचारलं तर ते योग्य? ही कादंबरी आपल्याकडून जातीच्या अपमानावर अश्रू काढून घेते आणि शेवटी जन्माच्या श्रेष्ठत्वालाच ते वाहते. आपल्याकडे दाखवायला कवचकुंडलं नाहीत मित्रांनो. राखीव जागेचं प्रमाणपत्र आहे, आणि ते दाखवलं की सभेत अजूनही हशा होतो.

"कादंबरी आहे, कादंबरीसारखी वाचा, एवढं काय मनावर घेता?" हा दुसरा नेहमीचा आक्षेप. बरं, न घेऊ मनावर. पण बाकीचं जग घेतंय त्याचं काय? 'छावा' कादंबरीवरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५मध्ये आला. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात हिंसाचार झाला. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्रीच विधानसभेत म्हणाले की या चित्रपटामुळे लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित झाल्या आहेत. म्हणजे १६८९ साली झालेल्या क्रूर हत्येचं दुःख कादंबरीतून पडद्यावर आणि पडद्यावरून रस्त्यावर येतं, तेव्हा ती 'फक्त कादंबरी' राहत नाही.

आणि त्याच संभाजीराजांच्या इतिहासातली आपल्या वाट्याची ओळ बघा. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. औरंगजेबाची दहशत झुगारून त्यांनी राजांच्या देहावर अंत्यसंस्कार केले, अशी पिढ्यांपिढ्या सांगत आलेली परंपरा आहे. २०१७च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या फलकाची मोडतोड झाली, आणि १ जानेवारी २०१८ला भीमा कोरेगावला आलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. एका राजावर शेकडो पानं लिहिलेली चालतात, त्याचा देह उचलणाऱ्या महारावर एक फलकही चालत नाही. इतिहासात आपल्याला जागा किती, तर एका पाटीएवढी, आणि तीही उखडली जाते.

इथं राज्याबाहेर राहून मला आणखी एक गोष्ट कळली. माझी रूममेट बंगालची. एका रात्री ती फोनवर भाचीला अंगाई म्हणत होती, त्यात 'बर्गी' असा शब्द आला. मी अर्थ विचारला. ती हसून म्हणाली, तुम्हीच की. बर्गी म्हणजे बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे स्वार. १७४१ ते १७५१ या काळात बंगालवर त्यांच्या स्वाऱ्या झाल्या, गावं लुटली-जाळली गेली, आणि ती भीती अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनीही लेकरं झोपवायला वापरली जातेय. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच शतकात बंगालीत त्यावर 'महाराष्ट्र पुराण' नावाचं काव्य लिहिलं. मी एवढ्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या होत्या, पण आपल्या घोड्यांच्या टापांखाली कुणाची शेतं गेली हे मला एका बंगाली अंगाईतून कळलं. ज्या कादंबरीला घरातला महारवाडा दिसत नाही, तिला परमुलखातला शेतकरी कुठून दिसणार?

समकालीन कादंबरीत तरी वेगळं आहे का? विद्यापीठात गेल्यावर मला सांगितलं गेलं की वाड्यातून बाहेर पड आणि 'कोसला' वाच. वाचली. भाषा पाहून थक्क झाले. गावाकडून पुण्यात शिकायला आलेला पोरगा, हॉस्टेल, मेस, एकटेपणा, परीक्षेत वाट लागणं. हे तर माझंच, असं पुन्हा वाटलं. मग लक्षात आलं, पांडुरंग सांगवीकर नापास होऊन गावी परत जातो, कारण परत जायला गाव आहे, घर आहे, बापाची जमीन आहे. आयुष्य निरर्थक आहे असं म्हणायलाही बुडाखाली थोडी जमीन लागते. माझी फेलोशिप चार महिने थांबली तेव्हा मला अस्तित्वाचे प्रश्न पडले नाहीत, मेसच्या बिलाचे पडले. आपल्याला नापास व्हायची सवलतच नाही. एकटी मी नापास होत नाही, माझ्यामागे गल्लीतल्या दहा पोरींचं शिक्षण नापास होतं.

'कोसला' १९६३ची. त्याच १९६३ला बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. तोही तरुणांचा, शहराचा, परकेपणाचाच दस्तऐवज आहे. पण एकाचा परकेपणा आधुनिकतेचा वैश्विक अनुभव ठरला आणि दुसऱ्याचा परकेपणा 'दलित जाणीव' या कप्प्यात गेला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून शिकवणारा वर्ग मला अजून मिळालेला नाही.

आणि हाच मला सगळ्यात जास्त बोचणारा मुद्दा आहे. एका चर्चासत्रात मी म्हणाले की मला मुक्ताच्या काळावर कादंबरी लिहायचीय. अध्यक्षस्थानी बसलेले ज्येष्ठ लेखक प्रेमानं म्हणाले, "कादंबरी कशाला, तू तुझं आत्मकथन लिही. तुमच्याकडे अनुभव आहेत." टाळ्या पडल्या. माझ्या वयाच्या सवर्ण मुलीला कुणी असं म्हणेल का? तिला कल्पना करायची मुभा, मला जबानी द्यायची.

गैरसमज नको. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'आयदान' या पुस्तकांच्या खांद्यावर आपण उभे आहोत. त्यांनी मराठी भाषेची जीभ बदलली. पण व्यवस्थेनं त्यातून सोयीचा धडा काढला. दलितानं दुःख सांगावं, सवर्णानं कला करावी. दलितानं स्वतःबद्दल बोलावं, सवर्णानं माणसाबद्दल. आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून आपल्याच जखमा दाखवायच्या, आणि निकाल लिहायला दुसरंच कुणी बसणार. गावगाड्याच्या वाटणीत आपल्याला जे बलुतं मिळायचं, साहित्याच्या वाटणीत आत्मकथन तेच झालंय का, हे आपण विचारायला हवं.

जोतीरावांना हे १८८५लाच कळलं होतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचं त्यांना बोलावणं आलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक माणसाचे हक्क वागण्यातून मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. आमचा विचार आम्हीच करू, असं त्यांनी बजावलं. नुसतं बजावलं नाही, १८६९ला त्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा लिहून कुळवाड्यांचा राजा कुळवाड्यांच्या हाती परत दिला होता. म्हणजे इतिहासावर कल्पनेनं हक्क सांगायचं काम आपल्याकडे वाड्यावरच्या कादंबऱ्यांच्या आधीपासून चालू आहे.

आणि कादंबऱ्याही आहेत. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' एकोणिसाव्या शतकातली, ती किती जणांना बी.ए.ला नेमलेली आठवते? 'फकिरा' तर आहेच. वारणेच्या खोऱ्यातला दुष्काळ, गुन्हेगार ठरवलेली अख्खी जात, भुकेल्यांसाठी घातलेले दरोडे, आणि आपल्या माणसांसाठी स्वतःला हवाली करणारा फकिरा. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसानं ती लिहिली, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, पण ती ऐतिहासिक कादंबरी आहे असं ठासून सांगत नाही. का? ऐतिहासिक म्हणजे राजाची, हे आपणही मनातून मानलंय म्हणून. अलीकडे शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला.

महाराष्ट्राबाहेर बघा. केरळात पोथेरी कुन्हंबू यांनी १८९२ला 'सरस्वतीविजयम्' लिहिली, तिच्यात जमीनदाराच्या मारानं पळालेला पुलय मुलगा शिकून न्यायाधीश होऊन परततो. १८९२ला. तेलुगूत जी. कल्याण राव यांची 'अंटरानी वसंतम्' आहे, एका दलित कुटुंबाच्या पिढ्यांमधून आंध्रचा इतिहास सांगणारी. कन्नडमध्ये देवनूर महादेवांची 'कुसुमबाले' आहे. मल्याळममध्ये आदिवासी लेखक नारायण यांची 'कोच्चरेत्ती' आहे. या कादंबऱ्यांत आपण पाणी आणून देणारे नाही. तिथं कथेला मालकच आपण आहोत.

आता घरातलं बोलते, कारण नुसतं बाहेर बोट दाखवणं मला जमत नाही. आपल्याकडेही आता ऐतिहासिक लिहिलं जातंय आणि त्यातलं काही वाचताना मला 'स्वामी'च आठवते. फक्त नावं बदललेली. तोच एकटा, चुका न करणारा महापुरुष. तीच मागे उभी राहून सोसणारी बाई. रमाईवरचं कितीतरी लेखन तिला त्यागमूर्ती करून देव्हाऱ्यात बसवतं. गोवऱ्या थापणारी, चार लेकरं गमावलेली ती बाई चिडली असेल, भांडली असेल, कंटाळली असेल, हे लिहायची आपल्यालाही हिंमत होत नाही. पेशव्याच्या रमाबाईला त्यांनी सती केलं, म्हणून आपण आपल्या रमाईची मूर्ती करायची का? तलवारीच्या जागी तलवार आणि वाड्याच्या जागी वाडा एवढंच करायचं असेल तर आजीचा प्रश्न तसाच राहतो. फडे कोण देत होतं?

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, कादंबऱ्या वाचायला वेळ कुणाला आहे, स्पर्धा परीक्षा बघा, नाहीतर थेट बाबासाहेब वाचा. बाबासाहेब वाचाच. पण बाबासाहेबांनीही १९३६च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असे, हे लिहिलं तेव्हा ते एक चित्रच उभं करत होते. तो झाडू आणि ते मडकं कुठलाही आकडा विसरला तरी विसरता येत नाही. चित्र दुसऱ्याच्या हातात सोडून दिलं की आपल्याच पोरी दुसऱ्याच्या चितेसाठी रडतात. मी रडले होते.

म्हणून तीन गोष्टी मागते. तुमच्या गावच्या ग्रंथालयात जा. सरकारी अनुदानावर चालणारं ते ग्रंथालय तुमचंही आहे. तिथल्या मागणीच्या वहीत 'फकिरा' आणि 'जिणं आमुचं' लिहा, प्रत येईपर्यंत दर आठवड्याला विचारा. दुसरं, वाड्यावरच्या कादंबऱ्या जाळू नका, टाळूही नका. वाचा, पण आजीसारख्या वाचा, पाणी कोण आणतंय ते बघत. तिसरं, ज्यांना लिहिता येतं त्यांनी कल्पना करायला लाजू नका. आपल्याकडे कागद नाहीत असं कुणी म्हणालं तर मुक्ताचा निबंध त्यांच्यापुढे ठेवा आणि लिहायला बसा.

आजी आता नाही. तिनं बांधलेला एक फडा मी हॉस्टेलच्या खोलीत ठेवलाय, त्यानंच झाडते. कादंबरीचं पहिलं प्रकरण झालंय. त्यात एक मांगीण पहाटे फड्यांचा भारा डोक्यावर घेऊन पुण्याच्या वेशीपाशी येते आणि आत घ्यायची वाट बघत थांबते. तिचं नाव मी आजीचंच ठेवलंय.

जय भीम, जय लहुजी.